जपानमध्ये शिकवायला आलात? मग पहिल्या जोडून सुट्टीला निक्को असं गाठा

टोकियोत आणि आसपास शिकवणारी मराठी माणसं आता बरीच भेटतात. कोणी एदोगावा आणि कोतो भागातल्या भारतीय शाळांत सीबीएसईचं गणित-विज्ञान शिकवतं. कोणी जपानी सरकारी शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक असतो, ज्याला इथे सगळे एएलटी म्हणतात. पहिले काही महिने घर, झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), बँक, मोबाइल आणि वर्गातल्या मुलांची नावं पाठ करण्यात जातात. मग कॅलेंडरवर शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी दिसते. घरच्यांचा फोन येतो, ‘अगं, एवढं जपानला गेलीस, काही पाहिलंस का?’ आणि नव्या शिक्षकाच्या डोक्यात क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि फुजी पर्वत हे सगळं तीन दिवसांत बसवायचं गणित सुरू होतं.

ते गणित सोडून द्या. पहिल्या जोडून सुट्टीला एकच ठिकाण निवडा, तिथे दोन रात्री राहा आणि सोमवारी दुपारी परत निघा. ठिकाण कोणतं म्हणाल, तर मी निक्को सांगेन. टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रीफेक्चरमधलं, म्हणजे तोचिगी प्रांतातलं, हे डोंगरातलं गाव. असाकुसाहून एका गाडीने पावणेदोन-दोन तासांत पोहोचता येतं. देवळं, धबधबे, तळं, गरम पाण्याचे झरे, रानातली पायवाट, सगळं एकाच बसमार्गावर आहे. त्यामुळे भाषा नीट येत नसली तरी हरवायला होत नाही.

पुढे जे लिहिलंय ते ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलंय.

आधी कॅलेंडर नीट वाचा

जपानमध्ये वर्षाला १६ राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार कायम सोमवारी येतात, कारण २००० आणि २००३ साली त्या मुद्दाम सोमवारी नेल्या गेल्या: जानेवारीचा दुसरा सोमवार, जुलैचा तिसरा, सप्टेंबरचा तिसरा आणि ऑक्टोबरचा दुसरा. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच या चार तारखा डायरीत लिहून ठेवता येतात. याशिवाय एखादी सुट्टी रविवारी पडली तर तिची भरपाई सोमवारी मिळते. अशा तीन दिवसांच्या सुट्टीला इथे सानरेन्क्यू म्हणतात. स्टाफरूममध्ये हा शब्द महिनाभर आधीपासून ऐकू येऊ लागतो.

सगळ्या सानरेन्क्यू सारख्या नसतात. जुलैत टोकियोत अंगाची लाही लाही होत असते, त्यामुळे निक्कोच्या वरच्या भागात फार बरं वाटतं. सप्टेंबरमध्ये वादळांची भीती असते. जानेवारीत वर बर्फ असतो, पायात चांगले बूट हवेत. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार माझा सगळ्यात आवडता. त्या सुमाराला वरच्या भागात, र्‍यूझू धबधब्यापाशी, पानं लाल व्हायला लागलेली असतात. चूझेनजी तळ्याकाठी रंग ऑक्टोबरच्या शेवटाकडे येतो आणि खाली देवळांपाशी तो नोव्हेंबर उजाडल्यावर उतरतो. टोकियोतली माणसं मात्र ऑक्टोबर लागला की सगळी एकदमच निघतात.

शिक्षकांकडे एक गोष्ट आहे जी ऑफिसात काम करणाऱ्यांकडे नाही. जपानी शाळेत उन्दोकाइ, म्हणजे क्रीडास्पर्धांचा दिवस, किंवा पालकांसाठीचा खुला वर्ग शनिवारी-रविवारी असला, की त्याची भरपाई म्हणून बहुधा सोमवारी शाळा बंद असते. त्याला दाइक्यू म्हणतात. त्या सोमवारी बाकीचा देश कामावर असतो. रविवारी दुपारी गर्दी टोकियोकडे परतत असताना तुम्ही उलट्या दिशेने निघायचं आणि सोमवारी रिकामी देवळं बघायची. मुक्कामही बराच स्वस्त पडतो. काही प्रीफेक्चरची स्वतःची वेगळी सुट्टी असते: इबाराकीची १३ नोव्हेंबरला, सायतामाची १४ नोव्हेंबरला. तुमची शाळा तिथली असेल तर त्या दिवशी मुलं घरी असतात. शिक्षकांना रजा टाकावी लागते का, ते मात्र शाळेतच विचारून घ्या. तारखा अगदी देवळांपाशी रंग आलेले असतात तेव्हाच्या आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

शाळेतलं आवरून ठेवा

सोमवारची सुट्टी राष्ट्रीय असेल तर रजेचा प्रश्नच नाही. शुक्रवारी दुपारी लवकर निघायचं असेल तर नेन्क्यू, म्हणजे वार्षिक पगारी रजा, बऱ्याच शाळांत तासांच्या हिशेबाने घेता येते. अर्ज उपमुख्याध्यापकांकडे, म्हणजे क्योतो-सेन्सेईंकडे जातो. निदान दोन आठवडे आधी जाऊन तोंडी विचारा आणि मगच कागद भरा. इथे कागदाआधी माणसाशी बोलणं महत्त्वाचं. ज्या शिक्षकांबरोबर तुमचे तास असतात त्यांनाही स्वतः जाऊन सांगा. भारतीय शाळेत असाल तर शनिवारी जादा तास किंवा परीक्षा नाही ना, हे आधी बघा.

मुलांच्या वह्या, उत्तरपत्रिका, गुणांची यादी असलेला पेनड्राइव्ह किंवा शाळेचा लॅपटॉप, यांतलं काहीही प्रवासात बरोबर नेऊ नका. ‘गाडीत दोन तास आहेत, तेवढ्यात तपासून होतील’ हा विचार आपल्याकडे सहज येतो. जपानमध्ये मुलांची वैयक्तिक माहिती हरवणं ही शिक्षकाच्या हातून होणारी फार गंभीर चूक समजली जाते. त्यासाठी मुख्याध्यापकांना पालकांपुढे माफी मागावी लागते. शुक्रवारी थोडं उशिरा थांबा, पण तपासणी संपवून कपाटाला कुलूप लावून निघा. मंगळवारच्या पहिल्या तासाची तयारीही शुक्रवारीच करून ठेवा.

महिना-दीड महिना आधी मुक्काम ठरवा

आधी राहायची जागा, मग गाडी. सानरेन्क्यूला निक्कोतल्या बऱ्या जागा लवकर भरतात.

तीन प्रकार आहेत. देवळांच्या आणि स्टेशनच्या आसपास गेस्टहाउस असतात. तिथे स्वयंपाकघर वापरायला मिळू शकतं. एकट्या शिक्षकाला आणि शाकाहारी माणसाला हे सगळ्यात सोयीचं. दुसरा प्रकार साधं हॉटेल. तिसरा र्‍योकान, म्हणजे तातामी (गवताच्या चटया), फुतोन (जमिनीवर अंथरायची गादी), गरम झऱ्याचं सामायिक स्नानगृह आणि खोलीच्या भाड्यातच रात्रीचं व सकाळचं जेवण. र्‍योकानचा दर खोलीमागे नाही, माणशी असतो. राकुतेन ट्रॅव्हल किंवा जालान या आरक्षणाच्या साइटवर आकडा बघताना हे विसरू नका. दोघं असाल तर दिसतो त्याच्या दुप्पट बिल येणार. जोडून सुट्टीच्या रात्री दोन जेवणांसकट माणशी १५ हजार येनच्या वर आकडा सहज जातो. शिवाय गरम झऱ्यांच्या गावात स्नानकर लागतो, तो सहसा १५० येन असतो.

माझा सल्ला असा: पहिल्या खेपेला दोन्ही रात्री खाली गावातच राहा. वरती तळ्याकाठची हॉटेलं सुंदर आहेत, पण सामान घेऊन दोनदा बस चढणं-उतरणं यात अर्धा दिवस जातो.

मुक्कामाच्या ठिकाणी पासपोर्ट मागितला तर गोंधळू नका. पासपोर्ट दाखवायचा नियम जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी आहे. तुमचा पत्ता इथला आहे, तो लिहून द्या. झाइर्यू कार्ड मात्र १६ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी रहिवाशाने कायम जवळ बाळगायचं असतं. ते पाकिटात हवंच.

गाडी

एदोगावातल्या निशी-कासाइला राहत असाल तर तोझाई लाइनने निहोनबाशीला उतरा, तिथून गिन्झा लाइनने शेवटच्या स्टेशनापर्यंत, असाकुसापर्यंत जा. तोबू रेल्वेची एक्स्प्रेस तिथूनच सुटते. तिचं मूळ भाडं आणि एक्स्प्रेसचा अधिभार मिळून एका बाजूचे साधारण ३ हजार येन होतात. सगळ्या जागा आरक्षित असतात आणि तिकिटं महिनाभर आधी खुली होतात. ज्या दिवशी खुली होतील त्याच सकाळी जायचं आणि यायचं अशी दोन्ही काढा. शनिवारी सकाळी ९ च्या आतली गाडी घ्या आणि सोमवारी दुपारी ३ च्या आतली. सोमवारी संध्याकाळच्या गाड्या सगळ्यात आधी भरतात. रात्री १० ला दमून घरी पोहोचून मंगळवारी सातवीच्या वर्गासमोर उभं राहणं नको वाटतं.

२०२३ च्या जुलैपासून स्पेशिया एक्स नावाची नवी गाडी धावते. अधिभार थोडा जास्त, खिडक्या मोठ्या. मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर हळहळू नका, जुनी गाडीही छान आहे. काही एक्स्प्रेस किनुगावाकडे जातात. त्यांतून निक्कोला जायचं तर शिमो-इमाइचीला गाडी बदलावी लागते. तिकीट काढताना हे बघून घ्या.

पैसे वाचवायचे असतील तर साध्या लोकल गाड्यांनी मिनामी-कुरिहाशीला बदलून जाता येतं. अधिभार नाही, पण वेळ तासभर तरी जास्त लागतो आणि सुट्टीच्या दिवशी उभं राहायची तयारी हवी. तिसरा मार्ग उएनोहून शिनकानसेनने उत्सुनोमिया आणि तिथून जेआरची निक्को लाइन. तो जवळपास दुप्पट महाग. तोबूची तिकिटं संपली असतील तरच तो विचार करा.

जेवणाचं आधीच ठरवा, तिथे जाऊन नाही

मांसमच्छी खाणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. शाकाहारी असाल तर सावकाश वाचा, कारण पहिल्या सहलीत माणसं उपाशी राहतात ती इथेच.

जपानी जेवणात मांस दिसत नाही तिथेही मासा असतो. सूप, सोबा-उदोन या नूडल्सचा रस, भाजी शिजवायचं पाणी, अंड्याचा रोल, या सगळ्यात दाशी असते. दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क. ‘मांस नाही ना?’ असं विचारलं तर दुकानदार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी दाशी म्हणजे मांस नव्हे. म्हणून प्रश्न दाशीबद्दलच विचारायचा. हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशि मो ताबेरारेमासेन.’ म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. अंडं चालत असेल तर पुढे ‘तामागो वा दाइज्योबु देस’ जोडा.

र्‍योकानमध्ये राहणार असाल तर हे आरक्षण करतानाच कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांना काही करता येत नाही. रात्रीच्या जेवणातले दहा-बारा छोटे पदार्थ दुपारपासून तयार होत असतात. काही र्‍योकान ‘जमणार नाही’ असं कळवतात. वाईट वाटून घेऊ नका. तिथे जेवणाशिवायचा दर घ्या किंवा दुसरी जागा बघा.

निक्कोची खासियत युबा आहे आणि ती आपल्यासाठी फार चांगली गोष्ट आहे. सोयाबीनचं दूध मंद आचेवर तापवलं की त्यावर दुधावर साय धरते तसा पातळ पडदा धरतो. तो उचलतात, तीच युबा. क्योतोत तो कडेने उचलतात, त्यामुळे एकेरी राहतो. निक्कोत काडी मधोमध घालून उचलतात, म्हणून दुहेरी आणि जाड होतो. ताजी युबा नुसत्या सोया सॉसबरोबर किंवा मिठाबरोबर खाल्ली तर ती पूर्ण शाकाहारी. रसात शिजवलेल्या युबात मात्र दाशी असणार. दुकानात ‘साशिमी युबा’ मागा. ती कच्ची आणि थंडगार येते, बरोबर चिमूटभर वासाबी. जिभेवर ठेवली की आधी काहीच चव लागत नाही, मग हळूहळू सोयाबीनचा गोडवा येतो. तोबू निक्को स्टेशनसमोर युबा घालून मळलेल्या पिठाचा तळलेला मांजू मिळतो. आत लाल बीनचं गोड सारण, वर किंचित मीठ. अंडं न खाणाऱ्यांनी वरच्या पिठाबद्दल विचारून घ्यावं.

घरून काय न्यायचं? दशम्या किंवा धपाटे दोन दिवस आरामात टिकतात. बरोबर दाण्याची चटणी, मेतकुटाची पुडी आणि लोणचं. मेतकूट फार कामाला येतं: कोणत्याही कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, गरम करून घेतलेला साधा भात, त्यावर मेतकूट. कोनबिनीतच मीठ लावलेली ओनिगिरी (भाताचा गोळा), एदामामे (कोवळे सोयाबीन), केळी, दही, भाजलेले दाणे मिळतात. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेल्या ओनिगिरीतही कधीकधी कात्सुओचा अर्क घालतात, वेष्टनावरचे घटक फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. कढी, सार, उपमा यांची तयार पाकिटं निशी-कासाइच्या भारतीय दुकानांत मिळतात. बहुतेक खोल्यांत पाणी गरम करायची किटली असते.

पिशवीत काय

शक्यतो एकच पाठीवरची पिशवी न्या. स्टेशनवरचे मोठे लॉकर सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात. ते नाही मिळाले तर सामान मुक्कामाच्या ठिकाणी नेऊन द्या, खोली दुपारी ३ ला मिळणार असली तरी सामान आनंदाने ठेवून घेतात.

चूझेनजी तळं समुद्रसपाटीपासून १,२६९ मीटरवर आहे, त्याच्या पलीकडची सेनज्योगाहारा दलदल साधारण १,४०० मीटरवर. टोकियोत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघालात तरी वर स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट लागेल. माय नंबर कार्ड किंवा आरोग्यविम्याचा कागद, थोडी रोख रक्कम, पॉवरबँक, आणि बस लागत असेल तर त्याची गोळी. ही गोळी खरंच ठेवा, कारण पुढच्या घाटात ४८ वळणं आहेत.

सुइका किंवा पास्मो, म्हणजे गाडी-बसच्या भाड्याचं कार्ड, पैसे भरून घ्या. रोख १० हजार येन तरी बरोबर असू द्या, देवळांच्या तिकिटाला आणि लहान दुकानांत ती लागते.

शनिवार: पोहोचा, दमू नका

स्टेशनवर उतरल्यावर पहिलं काम बसचा पास. तोबू निक्को स्टेशनातच खिडकी आहे. चूझेनजीपर्यंतचा किंवा त्यापुढे युमोतोपर्यंतचा दोन दिवसांचा पास मिळतो. वर जाऊन-येऊन एका फेरीतच त्याचे पैसे जवळपास वसूल होतात.

सामान ठेवून शिन्क्यो पुलापर्यंत चालत जा. लाल लाकडी पूल, खाली दाइया नदी. मग नदीच्या काठाने कानमानगाफुची. सहलींच्या बसेस इथे सहसा येत नाहीत. खडकांतून पाणी घुसळत जातं आणि वाटेच्या एका बाजूला जिझोच्या दगडी मूर्ती ओळीने बसलेल्या आहेत, डोक्यावर लाल लोकरी टोप्या. मुलांचा आणि वाटसरूंचा रक्षक म्हणून जिझोला इथे पुजतात. काहींची डोकी काळाने आणि पुराने गेली आहेत, तिथे भाविकांनी गोल दगड ठेवलेत आणि त्यांवरही टोप्या घातल्या आहेत. तासभर पुरे.

र्‍योकानमध्ये असाल तर संध्याकाळी ५ पर्यंत परत या, जेवण ६ च्या सुमाराला वाढतात आणि उशिरा येणाऱ्याची पंचाईत होते. सामायिक स्नानगृहात बायका आणि पुरुष वेगळे असतात, पण आत कपडे नसतात. पहिल्यांदा संकोच वाटणारच. छोट्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंघोळ आधी करायची, मग टाकीत उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस बांधायचे. गोंदवलेलं असेल तर आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी गोंदण चालत नाही, आणि आपल्याकडच्या हातावरच्या पारंपरिक गोंदणातला आणि टॅटूतला फरक त्यांना समजावणं कठीण असतं. लहान असेल तर झाकायला चिकटपट्टी चालते. काही ठिकाणी स्वतंत्र कौटुंबिक स्नानगृह तासाने मिळतं, संकोच जास्त असेल तर ते घ्या. युकाता, म्हणजे तिथे मिळणारा सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलट फक्त मृत व्यक्तीला नेसवतात.

रविवार: पहाटेची बस

सगळ्या बेतातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. रविवारी सकाळच्या अगदी पहिल्या बसपैकी एक पकडा. चूझेनजीला जाणारा इरोहाझाका घाट दोन वेगळ्या एकेरी रस्त्यांचा आहे, चढायचा वेगळा आणि उतरायचा वेगळा. दोन्ही मिळून ४८ वळणं, आणि प्रत्येक वळणावर जुन्या जपानी वर्णमालेतलं एक अक्षर लिहिलेलं. सकाळी लवकर ही बस पाऊण तासात वर जाते. १० नंतर पानगळीच्या मोसमात त्याच वाटेला दोन-दोन तास लागतात, आणि बसमध्ये उभं राहून ते सोसवत नाही. तेव्हा न्याहारी बरोबर घ्या आणि वर जाऊन खा.

आधी सरळ पुढे जा. र्‍यूझू धबधब्यापाशी उतरा आणि तिथून सेनज्योगाहाराची लाकडी पायवाट धरून युदाकी धबधब्यापर्यंत चाला. वाट सपाट आहे, रमतगमत अडीच तास. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, समोर २,४८६ मीटरचा नानताई पर्वत. हा पर्वत इथल्या लोकांचा देव आहे आणि १८७२ पर्यंत बायकांना वर यायची मनाईच होती. या भागात अस्वलं आहेत, पिशवीला घंटी बांधा. इथे शिकवायला आलेल्या सगळ्यांना मी ही वाट चालायला सांगतो. आठवडाभर वर्गात बोलून घसा बसलेला असतो, इथे तासन्‌तास कोणाशी बोलावं लागत नाही.

येताना केगोन धबधब्यावर थांबा. तळ्याचं पाणी ९७ मीटर खाली कोसळतं. वरून फुकट दिसतो, पण लिफ्टचं तिकीट काढून खाली जा, तुषार अंगावर येतात तेव्हाच त्याचा आवाका कळतो. माकडांपासून खाऊ सांभाळा. निक्कोत माकडांना खायला घालणं नियमाने बंद आहे, आणि उघडी पिशवी ती सहज ओढून नेतात.

दुपारी २ च्या आत खाली उतरायची बस धरा. सूर्यास्ताची वाट बघत थांबलात तर उतरणीच्या रांगेत अडकाल.

सोमवार: तोशोगू उघडताना दारात उभे राहा

तोशोगू हे निक्कोचं मुख्य देऊळ सकाळी ९ ला उघडतं. तुम्ही पावणेनऊला दारात असायला हवं. जपानवर सत्ता गाजवणारा शोगुन, म्हणजे सेनाप्रमुख, तोकुगावा इएयासु १६१६ मध्ये वारला, पुढच्या वर्षी हे देऊळ उभं राहिलं आणि १६३६ मध्ये त्याचा नातू इएमित्सुने ते आजच्या थाटात पुन्हा बांधून घेतलं. निक्कोची देवळं १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिकीट साधारण १,६०० येन.

देवाच्या घोड्याच्या तबेल्यावर कोरलेली तीन माकडं सगळे बघतात, तुम्हीही बघाल. पण ती आठ चित्रांच्या मालिकेतलं फक्त एक चित्र आहेत, हे लक्षात घेऊन पूर्ण ओळ बघा. पहिल्या चित्रात आई पोराच्या भविष्याकडे बघते आहे. ‘वाईट पाहू नको, ऐकू नको, बोलू नको’ ही शिकवण लहान पोरांसाठी आहे, मोठ्यांसाठी नाही. पुढे तारुण्य, निराशा, प्रेम असं करत मालिका पुन्हा आई होण्यापाशी येते. शिक्षकाने ही ओळ शांतपणे वाचावी.

या तबेल्यासमोरच्या कोठाराच्या माथ्यावर दोन हत्ती कोरलेले आहेत. त्यांचं मूळ चित्र कानो तान्यू या चित्रकाराचं आणि त्याने हत्ती कधी पाहिलाच नव्हता. फोन काढून मोठा करून बघा. कान वेगळे, शेपट्या वेगळ्या, डोळे अर्धचंद्रासारखे मिटलेले. ऐकीव माहितीवर काढलेला हा प्राणी आपल्या गणपतीच्या मखराच्या हत्तीपेक्षा इतका वेगळा आहे, तरी सोंड बरोबर आहे. हत्ती जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाने इथे पाच मिनिटं थांबावंच.

पुढे पाचशेहून अधिक कोरीव आकृत्यांचा योमेइमोन दरवाजा, मग झोपलेलं मांजर आणि तिच्यामागे इएयासुच्या समाधीकडे जाणाऱ्या २०७ दगडी पायऱ्या. साडेनऊ-दहापर्यंत हे करून घ्या.

दहानंतर तिथे उभं राहायला जागा नसते. तेव्हा इएमित्सुच्या समाधीकडे, ताइयुइनला जा. हे १६५३ चं, आकाराने लहान, देवदारांच्या सावलीत. मला तोशोगूपेक्षा हेच जवळचं वाटतं. नितेनमोन दरवाजात जे दोन रक्षक उभे आहेत ते धृतराष्ट्र आणि विरूपाक्ष, म्हणजे आपल्याकडचेच दिक्पाल, चीन-कोरियामार्गे इथवर आलेले. त्यापुढच्या याशामोन दरवाजात चार यक्ष आहेत. जपानी सहकाऱ्याबरोबर गेलात तर त्याला हे सांगा, त्याला बहुधा माहीत नसतं.

वादळ आलं तर

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वादळ येणार असेल तर रेल्वे कंपन्या आदल्या दिवशीच ‘केइकाकु उनक्यू’ जाहीर करतात, म्हणजे ठरवून गाड्या बंद. हा शब्द बातम्यांत दिसला की त्याच क्षणी परतीचा बेत अलीकडे ओढा. सोमवारी गाड्या बंद होणार असतील तर रविवारीच परत या, देवळं पुन्हा बघता येतील. मंगळवारी शाळेत पोहोचता येणार नाही असं दिसलं तर त्याच रात्री क्योतो-सेन्सेईंना कळवा, सकाळपर्यंत थांबू नका. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९.

मंगळवारी स्टाफरूममध्ये

परतताना स्टाफरूमसाठी खाऊ आणावा लागतो, त्याला ओमियागे म्हणतात. हे ऐच्छिक आहे असं कोणी सांगितलं तरी आणा. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला हवा, आणि माणसं मोजून घ्या. शिपाईकाका, स्वयंपाकघरातल्या मावशी, ऑफिसमधली माणसं धरून मोजा. निक्कोचं योकान चांगलं: लाल बीन, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेला कानतेन. त्यात जिलेटिन नसतं, म्हणून भारतीय शाळेतल्या शाकाहारी सहकाऱ्यांनाही देता येतं. त्यातलं पाणीदार मिझु-योकान निक्कोत हिवाळ्यातही आवडीने खातात, पण ते थंड ठेवावं लागतं, लांबच्या प्रवासाला घट्ट प्रकार घ्या.

सकाळच्या सभेआधी एकेक तुकडा प्रत्येकाच्या टेबलावर ठेवा, किंवा डबा चहाच्या जागी उघडा ठेवून वर चिठ्ठी लावा: कुठून आणलं आणि तुमचं नाव. ज्यांनी तुमचा शुक्रवारचा तास सांभाळला त्यांना मात्र हातात द्या आणि आधी त्यांचे आभार माना. उपमुख्याध्यापकांनाही स्वतः जाऊन द्या. पुढच्या नेन्क्यूचा अर्ज त्यांच्याकडेच जायचा आहे.